फिरती खुंटी आणि भागीदाराची वही

विटा फोडण्याचा व्हिडिओ गेम आपल्या घरांना नवा नाही. १९९० च्या दशकात ‘ब्रिक गेम’ नावाची बॅटरीवर चालणारी स्वस्त खेळणी बाजारोबाजारी मिळत. त्यांना दाबावयाची बटणे असत. आता हातात मावणाऱ्या काही नव्या यंत्रांत बटणांच्या जोडीला एक वाटोळी, फिरती खुंटी आली आहे. तिला ‘पॅडल’ म्हणतात. खरे पाहता ही खुंटीच जुनी आहे. या खेळाचा जन्म तिच्यासह झाला.

विठ्ठलवाडीतील एका व्यापारी घरात दिवाळीच्या सुटीत असे यंत्र आले. मोबाइलच्या काचेवर बोट फिरविण्याची सवय असलेल्या नातवाने खुंटी जोराने पिळली. पडद्यावरची पट्टी चेंडूच्या पलीकडे निघून गेली आणि चेंडू खाली पडला. दोन-चार डाव असेच गेल्यावर यंत्र आजोबांच्या हाती आले. त्यांचा चेंडू बराच वेळ टिकला.

“आजोबा, तुम्हांला कसं जमतं हे?”

“अरे, रेडिओचं स्टेशन लावायचो ना, तसंच आहे. खुंटी घट्ट धरू नकोस.”

आजोबांचे म्हणणे यथार्थ होते. बटण दाबले की पट्टी आपल्या ठरावीक वेगाने सरकते. खुंटीचे तसे नाही. हात जितका फिरेल तितकीच पट्टी सरकते आणि हात थांबताच थांबते. चेंडू पट्टीच्या कोणत्या भागावर आदळतो, यावर त्याची पुढची दिशा ठरते. त्यामुळे चूक झाली तर ती यंत्राच्या माथी मारता येत नाही.

अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेल्या ‘ब्रेकआउट’ या मूळ खेळाचा हिशेबही असाच उघडा होता. भिंतीत विटांच्या ८ ओळी आणि प्रत्येक ओळीत १४ विटा. पिवळ्या विटेस १ गुण, हिरव्या विटेस ३, नारिंगीस ५ आणि लाल विटेस ७. प्रत्येक रंगाच्या दोन ओळी, म्हणजे २८ विटा. एका भिंतीचे गुण ४४८. अशा भिंती दोनच. एकट्या खेळाडूने मिळवावयाचे जास्तीत जास्त गुण ८९६. त्यानंतर तिसरी भिंत येत नाही. गल्ल्यावर बसणारा कोणीही हा आकडा तोंडी पडताळून पाहू शकतो.

या खेळाच्या निर्मितीमागचा हिशेब मात्र इतका उघडा राहिला नाही. अटारीने त्याच्या मांडणीचे काम स्टीव्ह जॉब्स या तरुणाकडे सोपविले होते. विजेच्या चिप जितक्या कमी लागतील तितके अधिक बक्षीस मिळावयाचे होते. जॉब्स यांनी मित्र स्टीव्ह वॉझनियाक यांना बोलाविले. वॉझनियाक दिवसा ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करीत आणि रात्री हे काम. चार दिवस-रात्रींत मांडणी पूर्ण झाली. ७०० डॉलर मिळाले, असे सांगून जॉब्स यांनी आपल्याला निम्मे, म्हणजे ३५० डॉलर दिले; बक्षिसाचे काही हजार डॉलर निराळे मिळाल्याचे अनेक वर्षांनी कळले, असे वॉझनियाक यांनी म्हटले आहे. आपण निम्मी रक्कम दिली होती, असे सांगून जॉब्स यांनी हे नाकारले. पैशांची गरज आहे एवढे सांगितले असते, तरी आपण ते आनंदाने दिले असते, असेही वॉझनियाक यांचे म्हणणे आहे. १ एप्रिल १९७६ रोजी ज्यांनी ॲपल कंपनी स्थापन केली, त्यांत हे दोघे मित्र होते. कंपनी जगभर पसरली, तरी हा सल उरलाच.

भावाभावांच्या दुकानांत असे प्रसंग अपरिचित नाहीत. मालाचा, उधारीचा, भाड्याचा हिशेब चोख असतो. परंतु उत्पादक कंपनीच्या योजनेतून मिळालेले सोन्याचे नाणे, वर्षअखेरीची सवलत, परदेश सहलीचे तिकीट हे ज्या भावाच्या नावाने येते त्याच्याकडेच अनेकदा राहते. धाकटा गोदामात राबत असतो आणि थोरला कंपनीच्या माणसांशी बोलत असतो. रक्कम किरकोळ म्हणून कोणी विचारत नाही. पुढे वाटणीच्या वेळी तीच गोष्ट सर्वांत आधी तोंडावर येते.

म्हणून या दिवाळीत वहीपूजन करताना नव्या वहीत एक पान योजनांचे व बक्षिसांचे राखून ठेवावे. त्यावर वस्तू, तारीख आणि ती कोणाच्या हाती आली, एवढे लिहावे. पाडव्याला ते पान सर्व भागीदारांनी, घरातील स्त्रियांसह, एकत्र बसून वाचावे. ती वस्तू कोणी ठेवावी हे नंतर आनंदाने ठरविता येईल. आधी ती सर्वांना ठाऊक असावी.