उपविधीत नसलेली अट

आम्ही नवरा-बायको दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. राहतो मुंब्र्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत. पतपेढीचे कर्ज, थोडी शिल्लक आणि अम्मींच्या बांगड्या अशी जुळवाजुळव करून ठाण्यात, तलावपाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक वन बीएचके पाहिला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण वस्ती नावाजलेली. ग्रंथालय, नाट्यगृह, स्टेशन सारे जवळ. घरमालकाशी किंमत ठरली, टोकन दिले. मग एजंट म्हणाला, "सर, एकदा सेक्रेटरींना भेटून घ्या."

सेक्रेटरी सभ्य गृहस्थ. चहा दिला. आमचे आडनाव गावावरून पडलेले, त्यामुळे अर्धा तास गप्पा छान झाल्या. मग पूर्ण नाव विचारले. "अरे वा, तुमचं मराठी किती स्वच्छ आहे हो!" आमच्या सात पिढ्या कोकणात गेल्या, मग हे कौतुक कशाचे? पुढे म्हणाले, "माझी वैयक्तिक काही हरकत नाही. पण मेंबर लोकांना खाण्यापिण्याचं जरा..." त्या वेळी जिन्यात तळलेल्या बोंबलांचा वास दरवळत होता!

आम्ही म्हणालो, हे लिहून द्या. ते हसले. लिहून कोण देतो?

खरी मेख इथेच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चे आहे. त्याचे कलम 23 खुल्या सभासदत्वाचे आहे: पुरेसे कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारले तर निबंधकाकडे अपील करता येते. आदर्श उपविधी तर सांगतात की फ्लॅट हस्तांतराला सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गरजच नाही. म्हणून नकार कागदावर येऊ दिला जात नाही. तो चहाबरोबर दिला जातो.

शिकलेले मित्र 2005 च्या निकालाकडे बोट दाखवतात. अहमदाबादच्या पारशी सोसायटीने सभासदत्व पारशांपुरते ठेवले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने तो उपविधी वैध ठरवला. तो निकाल आम्हाला पटत नाही, पण निदान तिथे अट छापलेली होती, नोंदवलेली होती. या इमारतीच्या उपविधीत धर्माचा एक शब्द नाही. सरकारकडून सहकाराच्या नावाने नोंदणी घ्यायची आणि दारावर आपला खासगी कायदा चालवायचा, याला सहकार म्हणायचे काय?

मुंब्रा तरी कुठे परदेशात आहे? 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून उठून कितीतरी कुटुंबे इथे आली. आमच्या घरमालकाची घरपट्टीची पावती आणि त्या सेक्रेटरींची पावती एकाच ठाणे महापालिकेची. मध्ये फक्त कळवा स्टेशन. मुसलमानांना हव्या त्या वस्तीत घर घेणे कठीण जाते, ही गोष्ट सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही नोंदलेली आहे. आम्ही घेटो करून राहतो म्हणणाऱ्यांनी आधी आपला जिना तपासावा.

पण आमच्या लोकांनाही थोडे सुनावले पाहिजे. परत आलो तर शेजारच्या भाभी म्हणाल्या, "कशाला गेलात बेइज्जती करून घ्यायला? इथे अजान ऐकू येते, मटण मिळतं." मटण मिळते, खरे आहे. मुलांना खेळायला मैदान मिळते का? आणि याच गल्लीत खोली देताना भाडेकरूचा मसलक विचारतात. बिगरमुस्लिमाचे तर नावच नको. तेव्हा आम्हाला कलम 23 आठवत नाही.

घरमालक भला माणूस. धीर धरून करार नोंदवला असता तर सोसायटीला आमचा अर्ज लेखी फेटाळावा लागला असता आणि आम्ही निबंधकाच्या दारात उभे राहिलो असतो. त्याला शेजाऱ्यांशी वाकडेपणा नको होता. टोकनचा चेक चौथ्या दिवशी परत आला. पुढचा फ्लॅट घोडबंदर रोडकडे पाहायचा आहे. या वेळी घरमालकाला पहिल्याच भेटीत आमचे पूर्ण नाव आणि उपविधीची प्रत, दोन्ही देणार आहोत.