पत्रिकेत धंदा आहे का? आधी हे आकडे बघा

मोरिवलीत गाळा घ्यायला निघालेल्यांचा एक प्रश्न ठरलेला: "सर, पत्रिकेत धंदा आहे का?" ज्योतिषी म्हणतो दोन महिने थांबा. इकडे गाळ्याचं भाडं चालू, वीजबिलातला स्थिर आकारही चालूच!

पुण्यात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांनी साधी चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या. कुठली पत्रिका कुठल्या गटातली, एवढंच ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी? ४० पैकी १८ च्या आसपास बरोबर. नुसतं नाणं उडवलं असतं तरी २० जमले असते.

अमेरिकेत डॅरिल बेम यांनी २०११ मध्ये छापलं, की काही चित्रं कुठल्या पडद्यामागे येणार हे विद्यार्थी ५३ टक्के वेळा आधीच ओळखतात. इतरांनी त्यांचे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा तसं काही दिसलं नाही. (खरं असतं तर ती मुलं शेअरबाजारात दिसली असती.)

पूजा जरूर करा, नारळ फोडा, माझी ना नाही. पण गाळ्याचा करार आणि मशीनची ऑर्डर पत्रिकेपायी अडवू नका. त्याऐवजी आज तीन गिऱ्हाइकांना फोन लावा आणि विचारा: माल किती लागतो, कधी लागतो, पेमेंट किती दिवसांनी?