रांग एकच, अर्ज कुणाचा?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण जिल्ह्यातल्या डॉक्टर मुलांना वेध लागतात अमेरिकेचे. ग्रीन कार्डाचा लवकरचा मार्ग कोणता, असे त्यांचे आईवडील मला विचारतात.

मुख्य मार्ग दोन. पहिल्यात रुग्णालय अर्ज करते; जागेसाठी लायक अमेरिकन मिळत नाही, हे त्याला दाखवावे लागते. दुसऱ्यात डॉक्टर स्वतः अर्ज करतो. १९९९ च्या कायद्यानुसार डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात त्याने पाच वर्षे काम करायचे. जे-१ व्हिसावर शिकलेल्याला मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट असते. १९९४ च्या तरतुदीने अशा भागात तीन वर्षे सेवा केल्यास ती माफ होऊ शकते. ही तीन वर्षे त्या पाचांत धरली जातात.

गंमत अशी, की दोन्ही मार्ग बहुधा एकाच रांगेत मिळतात. एका देशात जन्मलेल्यांचा वाटा साधारण ७ टक्के, म्हणून भारतीयांना दहा-दहा वर्षे थांबावे लागते. तोवर मूल एकवीस वर्षांचे झाले, तर आईबापांच्या अर्जातून ते गळू शकते.

तेव्हा प्रश्न वेगाचा नव्हेच. बँकेत कर्ज देताना आम्ही व्याजाआधी तारण कुणाच्या नावावर आहे ते पाहत असू. इथेही तेच पाहावे. पाच वर्षे आडगावी काढायची तयारी असेल, तर स्वतःचा अर्ज बरा.

अमेरिका आपल्या आडगावांसाठी परक्या डॉक्टरला घर देऊ करते. परभणीत २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथून निघणाऱ्याने जिंतूर-पालममध्ये राहावे, म्हणून आपण काय देऊ करणार?