झील धरणारी पोरं

“तुमचं मराठी किती छान आहे हो!” ही तारीफ आपल्यापैकी कुणी ऐकलेली नाही? म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण दादरच्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलीला ती वारंवार ऐकावी लागली, की तिला आपल्याच भाषेत पाहुणी झाल्यासारखं वाटतं.

अशा वेळी आम्हाला शाहीर अमर शेख आठवतात. मूळ नाव महबूब हुसेन पटेल, जन्म १९१६चा, गाव बार्शी. लोकगीतं त्यांच्या कानावर पडली ती आई मुनेरबींच्या तोंडून. १९४४ साली त्यांनी अण्णा भाऊ साठे आणि शाहीर गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं.

तेव्हाचा गिरणगाव काही भेदभावातून सुटलेला नव्हता. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं दलितांना मज्जाव. कारण काय, तर तुटलेलं सूत थुंकीनं ओलं करून जोडावं लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई! १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. त्याच परळ-लालबागच्या कामगारांपुढे मातंग समाजातले अण्णा भाऊ आणि मुसलमान अमर शेख एका फडात उभे राहिले. अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणातलं गणपतीचं वंदन बाजूला ठेवून मायभूमीला आणि शिवरायांना वंदन घातलं. एकीवर भाषण नाही. विषय सावकाराचा, मजुरीचा, पोटाचा. त्यानं विटाळ संपला असं आम्ही म्हणणार नाही. पण पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा खडा आवाज लागला, तेव्हा तो आपलाच म्हणून लोकांनी उचलून धरला.

आज आपण काय करतो? पंधरा ऑगस्टला एका शाळेची कव्वाली, दुसरीचं लेझीम, टाळ्या, वडापाव, आपापल्या घरी. यात पोरं एकमेकांचे कपडे तेवढे पाहतात. झील धरायची तर पुढच्याचा श्वास कुठं तुटतो हे ठाऊक हवं, आणि ते महिना-दोन महिन्यांच्या तालमीशिवाय कळत नाही.

गाण्या-बजावण्याबद्दल घराघरांत वेगवेगळं मत आहे, त्या वादात आम्ही पडत नाही. न गाणाऱ्या मुलानं संवाद लिहावेत. मुलींची काळजी असेल तर तालीम दिवसाउजेडी ठेवा, सोबत एखादी खाला बसेल.

विषय? मुंबईत आडनाव ऐकून खोली नाकारतात, यावर छान वग होईल. मदनपुऱ्याच्या आणि लालबागच्या पोरांनी तो मिळून लिहावा. आपल्याकडे बिरादरी विचारून सोयरीक मोडतात, तोही प्रवेश त्यात घालावा. नाहीतर ती निव्वळ तक्रार होईल. आणि घरमालकाचं काम आपल्या पोरानं करावं, खोली नाकारलेल्या भाडेकरूचं लालबागच्या.