पशूंना दोष कशासाठी?

केप टाउनच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात एक अस्वस्थ करणारे शिल्प आहे. साध्या बाकावर तिघे बसले आहेत. देह बलदंड पुरुषांचे, मस्तके शिंगे असलेल्या जनावरांची. तोंडाच्या जागी केवळ कातडी, आणि कान मुळीच नाहीत. जेन अलेक्झांडर यांनी १९८५-८६ मध्ये, विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, ही कृती घडविली. तिचे नाव ‘बुचर बॉईज’, म्हणजे खाटकाची पोरे. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या वर्णविद्वेषी सरकारने प्रथम काही भागांत व नंतर देशभर आणीबाणी पुकारली होती.

या शिल्पाची भीती का वाटावी? मनुष्य व पशू यांचा संयोग हे काही त्याचे कारण नव्हे. गजाननाला घरी आणणाऱ्या मराठी माणसाला तो परका नाही. नरसिंहाचे रूप उग्र खरे, परंतु ते अन्यायाच्या निर्दालनासाठी. हे तिघे मात्र काहीच करीत नाहीत. ऐकण्याचे आणि बोलण्याचे साधन गमावूनही ते निवांत बसले आहेत. भयाचे मूळ या निवांतपणात आहे.

क्रौर्याला ‘पाशवी’ म्हणण्याची आपली सवय येथे तपासून पाहिली पाहिजे. वाघ भुकेपोटी शिकार करतो. वंशवार नोंदवही ठेवीत नाही. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने दक्षिण आफ्रिकेत प्रत्येकाचा वंश कागदावर ठरविला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणत्या वंशाने कोठे राहावे हे ठरविले. ही यंत्रणा श्वापदांनी चालविली नाही. कारकून, अधिकारी व न्यायाधीश यांनी नेमून दिलेले काम म्हणून चालविली. अशा क्रौर्याला पाशवी म्हणणे हा पशूंवर अन्याय आहेच, शिवाय त्यातून माणसाला पळवाट मिळते.

शिंगे बसवून शिल्पकर्तीनेच ही पळवाट मोकळी केली, असा आक्षेप घेता येईल. पण हात, पाय आणि बसण्याची ढब सारी माणसाचीच आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला त्यांना परके म्हणून सोडून देता येत नाही.

नोंदणीचा तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला आणि १९९४ मध्ये ती राजवटही संपली. शिल्पाचे प्रयोजन मात्र संपलेले नाही. कान आणि तोंड एका दिवसात नाहीसे होत नाहीत. टेबलासमोर उभ्या असलेल्याची तक्रार न ऐकणे, डोळ्यांदेखत घडलेल्या अन्यायाविषयी मौन पाळणे, येथून त्याचा आरंभ होतो. तो आरंभ कोणत्याही देशातील कचेरीत किंवा वर्गात होऊ शकतो, आणि तेथेच तो ओळखला पाहिजे.