पोटरीवरची निळी शीर

माझी आई लुगडं कधी घोट्याच्या वर येऊ द्यायची नाही. फरशी पुसतानासुद्धा नाही. लहानपणी मला वाटायचं, असेल जुन्या वळणाची मर्यादा! साठी उलटल्यावर तिच्या घोट्याच्या आतल्या बाजूला जखम झाली आणि काही केल्या भरेना, तेव्हा कुठे आम्ही तिचे पाय नीट पाहिले. पोटरीवर दोरीसारख्या पिळलेल्या निळ्या शिरा, घोट्याभोवतीची कातडी काळवंडलेली. "तुझ्या वेळेपासूनच आहेत गं," ती सहज म्हणाली.

मागच्या महिन्यात शाळेतून आल्यावर पाय धुताना मला माझ्या पोटरीवर तशीच फुगीर निळी रेघ दिसली. मी तडक डॉक्टरांकडे गेले.

मैत्रिणींनो, पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं म्हणजे विहिरीतून पाणी ओढण्यासारखंच. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये चिमुकल्या झडपा असतात. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचतं, शीर फुगते, वेडीवाकडी होते. ह्याच व्हेरिकोज व्हेन्स.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "आईला होत्या का?" हे दुखणं घराण्यातून येतं, वडिलांकडूनही येऊ शकतं बरं का! दुसरा प्रश्न बाळंतपणांचा. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, संप्रेरकांमुळे शिरा सैलावतात आणि पोटाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर पडतो. तेव्हा आलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळदा उतरतात, पण दर खेपेला धोका वाढतो. वाढतं वय आणि वजन आहेच. पायात पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल, तर तेही सांगायला हवं.

आणि उभं राहणं! सकाळी दोन तास ओट्याशी, मग तीन तास फळ्यापुढे. मी म्हटलं, "दिवसभर पायांवर असते, व्यायाम होतोच की." डॉक्टर म्हणाले, "चालता किती?" एका जागी खिळून उभं राहिलं की पोटरी कामच करत नाही. तासन्‌तास बसून राहण्याचंही तेच. (पायावर पाय टाकून बसल्यानं शिरा येतात, असं सासूबाई सांगतात. त्याला मात्र फारसा आधार नाही.)

आता मी पोळ्या लाटताना मधूनमधून टाचा उचलते, भाजी स्टुलावर बसून चिरते, वर्गात बाकांमधून फिरत शिकवते. रात्री पायांखाली उशी. फुगलेली शीर यानं जात नाही. पायांचा जडपणा तेवढा कमी होतो. शीर घालवायची तर इंजेक्शन, लेझर असे उपाय आहेत. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. काहींच्या पायांना ते चालत नाहीत.

एक मात्र लक्षात असू द्या. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर तेल लावून चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा आणि दवाखान्यात न्यायला सांगा.

आईची जखम पट्ट्या बांधून चार महिन्यांनी भरली. मोजे ती आता रोज घालते. पण अजून लुगड्याखाली झाकूनच!