वेढ्यात स्लो मोशन नसतं

स्पष्टच लिहितो. 'एज ऑफ एम्पायर्स 2' (1999) खेळणारी पोरं वाया गेलेली आणि ऐतिहासिक सिनेमाला गर्दी करणारे आपण तेवढे इतिहासप्रेमी, हे मला अजिबात मान्य नाही.

त्या गेममध्ये आधी अन्न, लाकूड, सोनं, दगड गोळा करा. घरं बांधली नाहीत तर नवा सैनिक मिळत नाही. लढाई नंतर! (शेतकऱ्यालाही मारता येतं तिथे, गेम काही धुतल्या तांदळासारखा नाही.) सिनेमात मात्र शिधा कुठून येतो हे कुणी विचारत नाही. 'तान्हाजी'ला (2020) थरारासाठी अगडबंब तोफ लागली. का हो?

राजोडीहून वसईचा किल्ला काही लांब नाही. 1739 साली चिमाजी अप्पांनी तो वेढला. बुरुजांखाली सुरुंग खणले, त्यातले काही उशिरा उडून आपलीच माणसं गेली. वर पावसाळा तोंडावर. याहून मोठा सस्पेन्स कुठला लेखक लिहिणार?

आणि शेवट? कत्तल नाही. मे महिन्यात तह. पोर्तुगीजांना बायकापोरांसह निघून जायला आठ दिवस, मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक. यावर शिट्ट्या कशा पडणार? मग खलनायकाच्या गळ्यात मोठा क्रूस येईल, आणि इंटरव्हलला लोक आमच्या राजोडीच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे वळून बघतील. ते तर इथलेच, पोर्तुगीज यायच्या आधीपासूनचे!

असला सिनेमा आला तर तिकीट काढणार नाही. भाच्याच्या कॉम्प्युटरवर बसेन, एक वेढा अर्धा राहिलाय.